शलाकाचं कवाड

“कोपऱ्यात म्हणजे? ती काय केरसुणी आहे होय, कोपऱ्यात उभी करायला?”

आण्णा इतक्या मोठ्यानं बोलले की खाली इक्बालभाईंच्या दुकानात कीबोर्ड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक जिन्याच्या तोंडाशी येऊन वर बघून गेलं. भांडण पेटलं असं वाटलं असणार त्याला. नवख्या माणसाला तसंच वाटायचं. आण्णा म्हणजे भूपाल मगदूम. उभी हयात त्यांनी आयटीआयमध्ये पोरांना टर्नरकाम शिकवण्यात घालवली होती. सगळी लेथ मशीनं घरघरत असताना शेवटच्या पोराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. चहात साखर कमी पडली तरी ते अख्ख्या गल्लीला कळायचं.

पण त्या रविवारी ते खरोखरच भांडत होते.

“आण्णा, कोपऱ्यात म्हणजे मेनूत राहील,” निरंजन म्हणाला. “ज्याला हवा तो उघडेल. फक्त आपोआप समोर येणारा ब्राउझर दुसरा असेल. एवढंच.”

“एवढंच? रेवती, तू मास्तरीण आहेस, तू सांग. समोर आलेलं सोडून लोक मेनूत हुडकायला जातात काय?”

जात नाहीत. शाळेतल्या बाई संगणक सुरू करतात, पडद्यावर पहिलं जे चित्र दिसतं त्यावर टिचकी मारतात आणि पुढं जन्मभर तेच वापरतात. म्हणून तर पहिला मान कुठल्या ब्राउझरला द्यायचा यावर आम्ही चार शहाणी माणसं सकाळपासून घसा कोरडा करत होतो. मी उठून सगळ्यांच्या कपांत उरलेला चहा ओतला.

सांगलीत बसून आम्ही ‘ओसरी’ नावाची एक ऑपरेटिंग सिस्टीम चालवत होतो. अगदी मुळापासून आमची नव्हे. लिनक्स जगाला फुकट होतंच, त्याला आम्ही मराठी शिकवलं आणि कचेऱ्यांनी मोडीत काढलेल्या संगणकांवर चालेल इतकं हलकं केलं. मग ते संगणक खेड्यापाड्यांतल्या शाळांना जायचे. ओसरी कुणाच्याच मालकीची नव्हती. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी. आम्हाला तिचा पगार नव्हता, आणि आमच्या घरच्यांच्या मते आम्हाला अक्कलही नव्हती. इक्बालभाई मुल्ला मेलेले संगणक जिवंत करायचे आणि बैठकीला आपल्या दुकानाची माडी द्यायचे. निरंजन बर्वे पुण्याहून यायचा, सुरक्षिततेचं सगळं तो बघायचा. मी पॉलिटेक्निकात शिकवायचे आणि इथं प्रत्येकाचं काम गोळा करून नवी आवृत्ती बांधायचे, म्हणजे थोडक्यात सगळ्यांच्या मिनतवाऱ्या करायचे. आणि ब्राउझर शलाकाचा होता. शलाका म्हणजे आण्णांची एकुलती एक मुलगी आणि माझी मैत्रीण.

तिनं त्याचं नाव ‘कवाड’ ठेवलं होतं. जुन्यापान्या मशीनवरही ते झटकन उघडायचं आणि मराठी जोडाक्षरांचे तुकडे पाडायचं नाही. पण खरी मजा होती ती त्याच्या बोलण्यात. इंटरनेट गेलं की बाकीचे ब्राउझर इंग्रजीत कसलेतरी आकडे दाखवायचे. कवाडात शलाकाचे शब्द यायचे : ‘नेट गेलंय. ओरडू नका. वायर बघा.’ शाळाशाळांत हे वाक्य इतकं रुळलं होतं, की शिक्षकांच्या खोलीत कुणाचा आवाज चढला तर दुसरा हमखास म्हणायचा, “गुरुजी, वायर बघा.”

मग एका दिवाळीच्या तोंडावर शलाका गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि तिशीतली पोर हातची गेली. त्यानंतरच्या पहिल्या बैठकीत आम्ही सगळे मान खाली घालून बसलो होतो, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आण्णा तिचा लॅपटॉप पोटाशी धरून वर आले. तिच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “ती नाही तोवर कवाडाचं मी बघतो.”

तोवर म्हणजे कधीपर्यंत, हे विचारायची आमच्यापैकी एकाचीही छाती झाली नाही.

साठी उलटलेला तो माणूस खरंच प्रोग्रामिंग शिकला. “हा अर्धविराम म्हणजे बोल्टाखालचं वॉशर दिसतंय. नाही घातलं की सगळं खिळखिळं,” असं काहीबाही म्हणत शिकला. अक्षरांमधलं अंतर सुधारलं, बटणं मोठी केली. हा प्रोग्राम कोण सांभाळतं हे दाखवणाऱ्या चौकटीत शलाकाचं नाव होतं. ते तसंच ठेवून त्याखाली त्यांनी एक ओळ घातली : ‘तोवर : भूपाल मगदूम.’

पण हे सगळं वरवरचं होतं. कवाडाच्या पोटातलं इंजिन जुनं झालं होतं. असल्या इंजिनात चोरून शिरायला रोज नवी भोकं सापडत होती आणि ती बुजवणं आण्णांच्या काय, आमच्यापैकी कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं. निरंजन दर बैठकीला तेच सांगायचा.

“इंजिन जुनं झालं म्हणून कुणी गाडी भंगारात घालतंय काय?” आण्णा म्हणाले. “ओव्हरहॉल करायचं.”

“त्याला शंभर माणसं लागतात, आण्णा. त्या मोठ्या ब्राउझरकडं ती आहेत. आपल्याकडं तुम्ही एकटे आहात.”

“एकटा तर एकटा.”

 निरंजनच्या मनात असूनही तो कवाड हलवू किंवा काढू शकत नव्हता. आमचा तसा नियमच होता. फार पूर्वी कुणीतरी इक्बालभाईंचा छपाईचा प्रोग्राम त्यांना न विचारता काढून टाकला होता, तेव्हा इक्बालभाई रुसून बसले आणि माडीची किल्लीच मिळेना. त्या वेळी शलाकानं भांडण मिटवलं आणि ठरवून टाकलं, की जो सांभाळतो त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. काढण्याआधी सगळ्यांसमोर एकदा चालवायचं आणि का काढलं ते एका ओळीत लिहायचं. आपलं माणूस आपणच पोचवावं तसं, असं ती हसत म्हणाली होती.

आण्णांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. “बरं, आणा तुमचा तो मोठा ब्राउझर. पण नेट गेल्यावर जे येतंय, ते तिचं घाला. तेवढंच.”

निरंजननं माझ्याकडं बघितलं. “ते नाही करता येत, आण्णा. त्यांच्या नावानं द्यायचा तर त्यांचे शब्द तसेच ठेवायला लागतात. त्यातही मराठी आहे की. ‘जोडणी उपलब्ध नाही’ असं येतं.”

“हे मराठी आहे?” आण्णा म्हणाले. “घरात कोण बोलतंय असं?”

इक्बालभाई हसले, मलाही हसू आलं. आण्णांना मात्र आलं नाही. त्यांनी लॅपटॉप उचलला. “नियम तिनंच केलाय. मी काढणार नाही. बसा,” असं म्हणून ते जिना उतरून गेले.

आठवड्यात मी त्यांची समजूत काढायला घरी गेले. दार पद्माकाकूंनी उघडलं. काकू मुळातच कमी बोलणाऱ्या. शलाका गेल्यावर तिच्या खोलीत त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं, खोली झाडायचीसुद्धा आण्णांनीच. त्यांनी मला नुसतं हातानं आत जा म्हणून खुणावलं.

आण्णा शलाकाच्या टेबलाशी, तिच्या मोठ्या संगणकासमोर बसले होते. पडद्यावर कवाड उघडं होतं आणि टेबलाखाली इंटरनेटची वायर लोंबत होती.

“आण्णा, वायर निघालीय की!”

“असू दे.”

“अहो, नेटशिवाय ब्राउझर म्हणजे पाण्याशिवाय विहीर. लावू का?”

“असू दे म्हटलं ना.” ते ओरडले नाहीत. आण्णा हळू बोलले की मला भीती वाटायची. ज्या कामाला गेले होते ते बोलायचं राहूनच गेलं. काकूंनी उंबऱ्याबाहेरून चहाचा ट्रे माझ्या हातात दिला आणि त्या स्वयंपाकघरात परत गेल्या.

आणि मग चौगुले बाईंचा फोन आला.

या बाई जतकडच्या एका खेड्यात मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. ओसरीवर चालणारे संगणक त्यांनी हौसेनं मागून नेले होते. फोनवर त्यांना धड बोलता येत नव्हतं. कळलं ते एवढंच, की शिष्यवृत्तीचं पान उघडायला गेल्यावर भलतीच चित्रं उघडली. घाण चित्रं. बंद करावं तर एकाची दोन होत. वर्गात नववीच्या मुली होत्या. बाईंनी भिंतीतली नेटची मुख्य वायर उपटली आणि खोलीला कुलूप घातलं.

“दुसऱ्या संगणकांवरही तसंच झालं हो, मॅडम. गावात नको ते बोलायला लागलेत. दोघींच्या घरच्यांनी पोरींना शाळेतनं काढलंय.”

मी आण्णांना सांगितलं. मला वाटलं, निरंजननं मुद्दाम कुभांड रचलं म्हणतील. ते म्हणाले, “एसटी कितीची आहे?”

शाळा म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या आणि पुढं कडुलिंब. बाईंबरोबर शाळा समितीचे एक गृहस्थ बसले होते आणि दाराशी एक मुलगी तिच्या आईचा पदर धरून उभी होती. नाव सुनंदा. त्या दिवशी संगणकावर तीच बसली होती.

“हिनंच कायतरी दाबलं असणार,” समितीवाले म्हणाले. “पोरींच्या हातात असलं दिलं की असंच व्हायचं. खोली बंद करून टाकू, मिटला विषय.”

“मी कायबी दाबलं न्हाई,” मुलगी म्हणाली. किती वेळा म्हणाली असेल कोण जाणे. आवाजात जीव उरला नव्हता.

तिची आई म्हणाली, “तिचा बा म्हणतोय, आता शाळा बास. लगीन करून टाकू.”

 आण्णांनी कुलूप काढायला सांगितलं. आत बाकांवर सगळे संगणक ओळीनं झाकून ठेवले होते, वर घरच्या साडीची शिवलेली कव्हरं. आण्णांनी एकेक कव्हर काढून सगळे सुरू केले. ओसरी सुरू झाली, शाळांच्या सोयीसाठी आम्ही ठेवलं होतं तसं तिनं आपोआप कवाड उघडलं, आणि भिंतीतली वायर उपटलेली असल्यामुळं एकापाठोपाठ एक प्रत्येक पडद्यावर तेच आलं.

नेट गेलंय. ओरडू नका. वायर बघा.

आण्णा मधोमध उभे राहून सगळ्या पडद्यांकडं बघत होते. मी कोड तपासायला बसले. शोधायला फार वेळ लागला नाही. निरंजन ज्या भोकाबद्दल सांगून थकला होता तेच ते. पानाबरोबर चोरून आलेला प्रोग्राम त्यातून आत शिरला होता आणि शाळेच्या आतल्या वायरीवरून सगळ्या मशीनवर पसरला होता. मी आण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट वाचलं. कळण्याइतकं ते शिकले होते, हेच वाईट झालं.

ते बाहेर आले आणि मुलीसमोर उभे राहिले. “बाळ, तू काही दाबलं नव्हतंस.”

मग समितीवाल्यांकडं वळले, आणि आता त्यांचा तो आयटीआयचा आवाज लागला. सगळ्या शाळेनं ऐकला. “या पोरीची कसलीही चूक नाही. हा प्रोग्राम माझ्या मुलीनं केलाय आणि मी सांभाळतो. भोक त्यात होतं. मला सांगितलेलं होतं, मी ऐकलं नाही. कुणाला काय बोलायचं असेल तर मला बोला. मी भूपाल मगदूम, सांगली, विश्रामबाग. हिच्या बापाला बोलवा, त्यालापण हेच सांगतो.”

बापाला बोलावलं. आण्णांनी त्याच्यासमोर हात जोडले. मला ते बघवेना. ज्या मुलीच्या नावाला त्यांनी दोन वर्षं वारा लागू दिला नव्हता, तिच्या नावावर त्यांनी भर अंगणात दोष घेतला, दुसऱ्याची मुलगी वाचावी म्हणून. सुनंदाचा बाप बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, “सोमवारपास्नं येईल ती.”

परतीच्या एसटीत आण्णा खिडकीशी बसले होते. मिरज मागं पडलं. मग ते बाहेरच बघत म्हणाले, “तू त्या दिवशी विचारलंस ना, वायर का काढलीय म्हणून?”

“हं.”

“ती घरी असली की नेट जायचं. मी ओरडायचो. कंपनीवर, तिच्यावर, सगळ्यांवर. ती आतनं म्हणायची, ‘आण्णा, ओरडू नका. वायर बघा.’ रोजचंच होतं. तेच तिनं त्यात घातलं. तुम्ही सगळे हसायचा. मला वाटायचं, घरातलं बोलणं अख्ख्या जिल्ह्यात कशाला पोचवायचं?” त्यांनी खिडकीची काच सरकवली. “आता मी वायर काढतो. मग ती बोलते.”

 मला रडू फुटलं. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. आण्णांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला. खरं तर तो मी त्यांच्या खांद्यावर ठेवायचा होता.

“आज सगळ्या मशीनवर एकदम बोलली,” ते म्हणाले. “पण तिच्यापायी त्या सुनंदाला काय काय ऐकून घ्यायला लागलं, बघितलंस ना.”

पुढच्या रविवारी ते वेळेआधीच माडीवर हजर होते. इक्बालभाईंनी न सांगता चहा आणला. नियमाप्रमाणं आम्ही सगळे उभे राहिलो. आण्णांनी सगळ्यांसमोर कवाड उघडलं. मला वाटलं, वायर काढायला सांगतील. त्यांनी नाही सांगितलं. हवामानाचं एक साधं पान उघडलं, वर-खाली केलं, बंद केलं.

“चांगलं चालत होतं,” निरंजन म्हणाला.  इतके दिवस भांडला, पण पोरगा मनानं हळवा.

आण्णांनी काढून टाकायची आज्ञा स्वतःच्या हातानं टंकली. कारण लिहायची ओळ आली तेव्हा त्यांची बोटं थांबली. आम्ही कुणीच पडद्याकडं बघितलं नाही. मग कळफलकाचा आवाज आला. त्यांनी लिहिलं होतं : ‘सांभाळणारी राहिली नाही.’

ती गेल्यापासून तसं ते पहिल्यांदाच म्हणत होते. इक्बालभाई जिन्याकडं तोंड करून उभे राहिले.

नवी आवृत्ती निघाली. समोर येणारा ब्राउझर तो मोठा होता आणि कवाड मेनूतही नव्हतं. बऱ्याच शाळांतून विचारणा झाली, ते गमतीचं वाक्य कुठं गेलं म्हणून. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं, की नवा जास्त सुरक्षित आहे. उत्तर खरंच होतं.

महिन्याभरानं मी मगदूमांच्या घरी गेले. आण्णा शलाकाच्या टेबलाशीच बसले होते. वायर जोडलेली होती आणि पडद्यावर नवी ओसरी होती.

“इथलंही काढलं?” मला राहवलं नाही. “आण्णा, घरातल्या घरात एक ठेवलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं?”

“जगाच्या दारातनं काढायचं आणि आपल्या घरात ठेवायचं, मग काढलं कसं म्हणायचं? ठेवलं असतं तर दिवसभर वायर काढत बसलो असतो.” ते हसले. “आणि तुझी काकू बाहेर एकटीच बसलेली असते.”

काकू स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. मधलं दार उघडं होतं. मी आण्णांना सुनंदाच्या शाळेचं नवं पान दाखवत होते, चौगुले बाईंनी मुलींचे फोटो घातले होते त्यात. तेवढ्यात पान अर्ध्यात थांबलं आणि पडदा पांढरा झाला. मधोमध बारीक अक्षरांत उमटलं : ‘जोडणी उपलब्ध नाही.’

आण्णा ओरडले नाहीत. ते त्या शब्दांकडं नुसते बघत बसले. मीही हात मांडीवर घेऊन बसले. स्वयंपाकघरात विळीचा आवाज थांबला. आमचं गप्प होणं तिथंवर गेलं असावं.

मग आतून काकूंचा आवाज आला. “आण्णा, ओरडू नका. वायर बघा.”

काकूंनी नवऱ्याला ‘अहो’शिवाय हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. त्या घरात त्यांना आण्णा म्हणणारी एकटी शलाका. आम्हीही तिचं ऐकूनच म्हणायला लागलो होतो. सूरही शलाकाचाच होता, ‘बघा’वर किंचित वर जाणारा. ती बोलायला कुणाकडून शिकली होती, ते मला तेव्हा कळलं.

आण्णांनी टेबलाला धरून दुखरे गुडघे जमिनीला टेकले आणि टेबलाखाली वाकून हातानं चाचपलं. वायर जागेवरच होती. तरी ते बराच वेळ वर आले नाहीत.